वाकड्या दांड्याचा चमचा

सुनीतीकाकू लई खमकी. सत्त्याण्णव साली दिल्लीच्या द्वारकेत नव्या सोसायट्या उठत होत्या, तेव्हा तिनं सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी वाकड्या दांड्याचा चमचा बनवला, त्याला सायकलची रबरी मूठ बसवली. पुढच्या संशोधनाला सरकारी अनुदान हवं होतं. तपासायला आलेले साहेब म्हणाले, "कागद ठीक आहेत, पण पुरावा कुठाय?"

काकूनं त्यांना पुतणी अपूर्वाशेजारी जेवायला बसवलं. सेरेब्रल पाल्सीमुळं अपूर्वाचे हात जन्मापासून थरथरायचे, तरी त्या चमच्यानं तिनं थेंबही न सांडता आमटी संपवली. साहेबांनी वाटीच तोंडाला लावली आणि टाय पिवळा केला.

अपूर्वा म्हणाली, "साहेब, तुम्हालाही देऊ का एक चमचा?"

साहेब खो खो हसले आणि त्यांनी सहीसाठी पेन मागितलं.

"आधी हात धुवा," काकू म्हणाली. "अनुदानाच्या कागदाला हळद नको."