लंकाबाई फरशीवर बसली

चर्चचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर लंकाबाईनं चुलीत घातलं, अशी कुजबूज नेवाशाच्या अलीकडच्या आमच्या वस्तीवर सुरू झाली, ती गेल्या वर्षी, धर्मग्रामाला, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीला, शंभर वर्षं व्हायच्या महिनाभर आधी. कुणी म्हणे, त्या जाळावर तिनं बोंबील भाजले. दोन बोंबलांसाठी एवढं जाडजूड रजिस्टर! आमच्या लोकांना धड थापही मारता येत नाही.

लंकाबाई म्हणजे चर्च झाडणारी, घंटा वाजवणारी, कपाटाची किल्ली कमरेला खोचून हिंडणारी. वय पंच्याहत्तर, जीभ पंचविशीतली. "फादर येत्यात नि बदलून जात्यात, मी हायेच," असं ती नव्या फादरला पहिल्याच दिवशी ऐकवते.

भांडण पेटलं संगमरवरी फरशीवरून. सहादेव आमच्यातला बागायतदार. त्यानं शताब्दीसाठी फरशी कोरून आणली: 'या गावचे पहिले ख्रिस्ती, कै. वैजनाथ.' वैजनाथ त्याचा आजा. लंकाबाईनं ती वाचली आणि हातातला झाडू टाकला.

"आन् माझी आजेसासू राहीबाई कुठं गेली?"

तिचं म्हणणं वस्तीला ठाऊक होतं. फादर राहायला येण्याआधी प्रार्थना शिकवायला एक मास्तर सायकलीवर यायचा. त्याला कुणी दारात उभं करेना. राहीबाईनं अंगण सारवून दिलं, घोंगडी अंथरली. दोन वर्षं तेच आमचं चर्च. गडीमाणसं तेव्हा लिंबाआड विड्या ओढत नुसती ऐकायची.

फादर तरुण, त्यांचा कागदावर विश्वास. म्हणाले, "रजिस्टर बघू. ज्याचं नाव पहिलं, त्याचंच कोरू."

कपाट उघडलं. रजिस्टर गायब.

तरी सहादेव हटेना. रविवारी मिस्सा सुटली, गवंडी सिमेंट कालवायला लागला, तशी लंकाबाई आली आणि पटांगणात ठेवलेल्या फरशीवर मांडी घालून बसली.

"काकू, उठा. लोक हसत्यात," सहादेव म्हणाला.

"हसू दे. तुझा आजा लिंबाआड दडायचा, तवाबी हसत हुते."

"पुरावा हाय का तुमच्याकडं?"

"तुझ्याकडं हाय का?"

"रजिस्टरात हुता की!"

"मग आन की."

फादर पुढं झाले. "मावशी, चर्चमध्ये असा हट्ट बरा नाही."

"चर्चमदी कुठं, फादर? मी तर पटांगनात बसलीया."

ऊन चढलं. बायका एकेक करत तिच्याभोवती बसल्या. लंकाबाईनं जपमाळ काढली आणि मोठ्यानं सुरुवात केली. आता जपमाळ चालू असताना मरियामातेच्या लेकीला कोण उठवणार? फादरही नाइलाजानं गुडघ्यावर आले. दहा-दहा मण्यांची पाच दशकं संपली की बाई पुन्हा पहिल्यापासून. गवंड्याचं सिमेंट पाटीतच घट्ट झालं.

चौथ्या फेरीला सहादेवानं हात टेकले. "बरं बाई, काय कोरायचं ते सांगा!"

"जे समद्या गावाला ठावं हाय, तेच."

फरशी उलटी केली. मागच्या अंगावर आज कोरलेलं आहे: 'या गावातली पहिली प्रार्थना राहीबाईच्या अंगणात झाली.' वैजनाथाचं नाव भिंतीकडं तोंड करून सिमेंटात आहे.

रजिस्टर लंकाबाईनंच नेलं होतं. ते जळलेलं नाही. तिच्या पत्र्याच्या पेटीत लुगड्यांखाली आहे. बाप्तिस्म्याच्या दिवशी आधी गडी उभे केले होते, बायका मागून. पहिलं नाव वैजनाथाचं आहे. राहीबाईचं अकरावं.