शेजारचा पडला तरी हलायचं नाही

मित्रांनो, आज सकाळपासून मन थाऱ्यावर नाही.

तोफगोळ्यांच्या सरकारी फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून मी आमच्या गढा भागातल्या मैदानावर शाळकरी कॅडेट मुलामुलींकडून कवायत करून घेतो. आज त्यांना अर्धा तास उन्हात सावधानमध्ये उभं केलं. माझा नियम एकच, शेजारचा पडला तरी हलायचं नाही. त्यानं मन घट्ट होतं, असं मी सांगत आलो.

पंधरा वर्षांचा अंकित भोवळ येऊन तोंडावर पडला. हनुवटी फुटली. त्याची जुळी बहीण अनू अगदी बाजूला उभी होती. ती हलली नाही. मी धावत जाऊन त्याला उचललं आणि सगळ्यांसमोर तिला शाबासकी दिली.

दवाखान्यात त्याला टाके पडले, तेव्हा ती रडायला लागली. मी म्हटलं, "बेटा, आता काहून रडून राहिली?"

"सर, वो मेरा नाम ले रहा था."

कारगिलच्या लढाईत आमच्या डबल शिफ्ट चालायच्या. एकदा बाजूच्या मशीनवरचा यादवभैया कोसळला. मी मशीन थांबवली नाही. मलाही शाबासकी मिळाली होती.

तो मला हाक मारत होता का, हे मी आजवर आठवूनच पाहिलं नव्हतं.

उद्या सकाळी सहाला परेड आहे. अनू येईल. तिच्यासमोर उभं राहून मी सावधान कसं म्हणू, सांगा.