परदेशी म्हणजे फॉरेन नव्हे

आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारा मी पहिला. अमरावतीहून बी. ए. होऊन मलकापूरच्या शाळेत मास्तर झालो, तेव्हा दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. इंग्रजीत अर्ज लिहिणारा म्हणून गावात माझा भाव वधारला होता आणि तो मला आवडतही होता, खोटं कशाला बोलू? म्हणून कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर पहारा करणारे निवृत्त सुभेदार एका दुपारी शाळेत आले, तेव्हा मी खुर्चीतून उठलो नाही. त्याची लाज आजही वाटते.

सुभेदार मूळचे अयोध्येकडचे. पहिल्या लढाईनंतर इकडं आले आणि इथलेच झाले. तरी लोक त्यांना परदेशीच म्हणत. वऱ्हाडात उत्तरेकडून आलेल्या कुणालाही परदेशी म्हणतात. त्यात राग नाही, लोभ नाही, नुसती ओळख.

त्यांच्याबरोबर कुबड्यांवर एक तरुण नाईक होता. ब्रह्मदेशात सुरुंगानं त्याचा डावा पाय गुडघ्याखालून नेला होता. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात लाकडी पाय बसवून देत, पण जिल्ह्याची शिफारस लागे. बुलढाण्याची कचेरी म्हणे, जिथं भरती झालास तिथं जा. तिकडची म्हणे, राहतोस तिथं माग. जिनिंगच्या मालकानं दुसऱ्या फाटकावरची पहाऱ्याची जागा त्याच्यासाठी कपाशीच्या गाड्या सुरू होईपर्यंत राखली होती. तोवर पायावर उभा राहिला तर नाईकाची, नाहीतर दुसऱ्याची.

"एकट्याचा कागद कोनीबी फिरवते," सुभेदार म्हणाले. "आमी अठरा फौजी आहो बाहेरून आलेले. संघ काढतो. तुमी अर्ज लिहा, मास्तर."

संघाची पहिली बैठक जिनिंगमागच्या कडुलिंबाखाली भरली. खुर्ची एकच होती. सुभेदारांनी ती नाईकाला दिली आणि स्वतः उभे राहिले. सुभेदार उभे, म्हणून बाकीचेही उभे.

"बैठक हाय का परेड?" स्टेशनाजवळ सायकली दुरुस्त करणारा पंजाबी जमादार म्हणाला. सगळे हसले, पण बसलं कोणी नाही.

नाव ठरलं, परदेशी फौजी संघ. मी झोकात इंग्रजी केलं, 'फॉरेन सोल्जर्स असोसिएशन', आणि अर्ज धाडला.

पंधरा दिवसांनी कचेरीचं उत्तर आलं. हे शिपाई कोणत्या परक्या देशाचे? कोणाच्या परवानगीनं जमले? समक्ष येऊन खुलासा करावा.

मी ते वाचून दाखवलं. नाईकानं माझं तोंड पाहिलं. "मास्तर, तुमी तं आमाले जर्मन करून टाकलं!"

हसू पिकलं. मला मात्र हसू येईना, कारण दिवाळी तोंडावर आली होती, तिच्यामागोमाग कपाशीच्या गाड्या सुरू होणार होत्या आणि ज्याचा पाय अडला होता तोच सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. मी म्हणालो, परदेशी हा शब्दच काढून टाकू.

"काऊन?" सुभेदार म्हणाले. "ते नाव या गावानं देल्लं आमाले. चूक इंग्रजीची, नाव काहाले खोडता?"

आम्ही मोटारीनं घाट चढून बुलढाण्याला गेलो. साहेब दक्षिणेतले. त्यांनी हिंदुस्तानीत विचारलं, तुम्ही कुठले परदेशी?

सुभेदारांनी कडक सलाम ठोकला. मग म्हणाले, "साहेब, वऱ्हाड कागदावर निजामाचं, कारभार नागपूरचा, राज इंग्रजाचं अन् आपन मद्रासकडचे. इथं परदेशी नाही कोन?"

मला वाटलं, संपलं. पण साहेब खो खो हसले. दौत ओढून त्यांनी 'फॉरेन' खोडलं आणि इंग्रजी अक्षरांत 'परदेशी' लिहिलं. अर्ज कोणी लिहिला, हेही विचारलं. मी पुढं व्हायच्या आत सुभेदार आडवे आले. "संघानं लिहिला, साहेब."

शिफारसपत्र त्याच दिवशी हातात पडलं आणि दुसऱ्याच दिवशी नाईक पुण्याला गेला.

कपाशीची पहिली गाडी आली त्या दिवशी मी मुद्दाम जिनिंगवरून गेलो. इस्त्रीच्या खाकीत नाईक दुसऱ्या फाटकावर उभा होता. कुबड्या कुठं दिसत नव्हत्या. मी जवळ गेलो तसा त्यानं हात आडवा केला.

"थांबा! फॉरेनच्या मानसाले आत सोडत नाही."

पलीकडच्या फाटकावर सुभेदार स्टुलावर बसले होते. मला पाहून ते उठले. मी धावत जाऊन त्यांना खाली बसवलं आणि त्यांच्यापुढं उभा राहिलो.