धोंडू मेस्त्रींच्या रबरी चपला

आमच्या गावात धोंडू मेस्त्रींना हसायला लोकांना मेस्त्री समोर लागत नाहीत. त्यांच्या चपला आठवल्या तरी पुरतं. निळ्या पट्ट्यांच्या त्या रबरी चपला मेस्त्री फक्त झोपताना काढतात, तेही खाटेवर चढल्यावर. देवळात जात नाहीत, पायरीखालूनच हात जोडतात. स्वतःच्या लग्नात भटजींनी चपला काढायला लावल्या तेव्हा, पाट सागवानी आहे ना असं विचारून मगच पाटावर उभे राहिले म्हणे. हसणाऱ्यांना हसू दे. पण २००९ सालच्या एका शनिवारी माझ्या घरात जे घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे माझ्यासमोर कोणी त्या चपलांची टिंगल सुरू केली की माझं टाळकं सटकतं.

मेस्त्री एकवीस वर्षांचे असताना एका माडाच्या बागेत पंप दुरुस्त करायला गेले होते. खाली ओली माती, पाय अनवाणी. विजेचा असा झटका बसला की तीन तास शुद्धीवर नव्हते आणि शुद्धीवर आले ते चपला मागतच. त्यानंतर चाळीस वर्षं रेडिओ, मिक्सर, होडीवरचे दिवे, जत्रेतले कर्णे, काय म्हणाल ते दुरुस्त केलं, पण पायाखाली रबर असल्याशिवाय तारेला बोट लावलं नाही. आणखी एक खोड म्हणजे वस्तू बिघडली की चूक कंपनीची. मेस्त्रींची चूक अजून कोणी ऐकली नव्हती.

आता माझं सांगते. मी बी. एस्सी. होऊन तारकर्लीजवळच्या या गावात सून म्हणून आले. नवरा यतीन होडीवर, सासूबाई काशीबाई मासे खारवण्यात आणि मी तीन वर्षं चुलीपुढे. शिकले ते सगळं आमटीत गेलं असं रोज वाटायचं. तेवढ्यात पुण्याच्या एका कंपनीचं घरबसल्या काम कळलं. परदेशातले डॉक्टर पेशंटबद्दल बोलून ठेवतात, ते हेडफोनवर ऐकून टाइप करायचं. गाव न सोडता करता येईल अशी दुसरी नोकरी मला तरी माहीत नव्हती. कंपनीने हेडफोन पाठवला आणि त्याच्यासोबत काडेपेटीहून जरा मोठा अँप्लिफायर, यूएसबीने कॉम्प्युटरला जोडायचा. डॉक्टर पुटपुटला तरी ऐकू यावं म्हणून. शनिवारी तीन वाजता परीक्षा होती. चाळीस मिनिटांचं बोलणं एकदाच ऐकवणार, थांबवायचं नाही, मागे जायचं नाही. शंभरात अठ्ठ्याण्णव मिळाले तर नोकरी, नाहीतर हेडफोन परत.

मी अँप्लिफायर जोडला आणि कानात घूंऽऽ सुरू झालं. माउस हलवला की त्या घूंवर चिर्र. या दोघांच्या पलीकडे कुठेतरी डॉक्टर.

कंपनीला फोन केला. तिथला मुलगा मोठ्या गोडीने म्हणाला, मॅडम, दुसऱ्या पोर्टला लावून बघा. लावलं. बंद करून चालू करा. केलं. मोबाइल लांब ठेवा. तुळशीवृंदावनात नेऊन ठेवला. ट्यूब बंद करा, फ्रिज बंद करा. फ्रिज बंद केल्यावर सासूबाईंनी माझ्याकडे अशी काही नजर टाकली की मी तो आपणहून चालू केला. तारा बदलल्या, ड्रायव्हर काढून परत घातला. घूं काही हलेना. गुरुवारी संध्याकाळी मी रडकुंडीला येऊन धोंडू मेस्त्रींना बोलावलं.

कॉम्प्युटर आमच्या पडवीत होता, सारवलेल्या जमिनीवर. मेस्त्रींनी आधी अँप्लिफायरचा वास घेतला. मग हेडफोन उलटा घातला आणि डोळे मिटून बसले.

"ह्येच्यात दोन आवाज आसत," ते म्हणाले. "एक घूं आणि एक चिर्र."

"ता माका पण म्हायत आसा, मेस्त्रीनू."

"कंपनीची चूक," मेस्त्री म्हणाले आणि स्क्रू खोलायला लागले.

शुक्रवारी दुपारपर्यंत पडवीत स्क्रूंचा सडा पडला होता. मेस्त्रींचं तोंड उतरलं होतं आणि माझं तर विचारूच नका. तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. अंगणात बांगडे धुवून तशाच ओल्या पायांनी आल्या होत्या. "ह्येका ताप इलो हा काय?" असं म्हणत त्यांनी कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्यावर हात ठेवला.

कानातलं घूं एकदम गप्प.

मी म्हटलं, आये, हात काढा. हात काढला, घूं. ठेवा. ठेवला, शांत. डॉक्टर कानाशी येऊन बोलावा इतका स्वच्छ ऐकू आला. मेस्त्रींनी सासूबाईंना बाजूला सारून स्वतःचा हात ठेवला. घूं. हात पँटीला पुसून ठेवला. घूं. डावा ठेवून पाहिला. त्या मशीनला मेस्त्रींची काही पडलेली नव्हती.

"माझ्या हाताक गूण आसा," सासूबाई म्हणाल्या. गावात कोणाच्या घशात माशाचा काटा अडकला की त्याला आमच्याकडेच आणतात, सासूबाईंनी मानेवरून हात फिरवला की सुटतो, त्यामुळे त्यांना यात नवल वाटलं नाही. मला वाटायला हवं होतं. पण माझी बी. एस्सी. रसायनशास्त्राची, आणि परीक्षेला उरला होता एक दिवस. ठरलं असं की परीक्षेच्या वेळी सासूबाईंनी डब्यावर हात ठेवून चाळीस मिनिटं बसायचं, आणि बोलायचं नाही. दुसरी अट जास्त कठीण होती. मेस्त्री चहा न पिता निघून गेले.

शनिवारी मात्र ते आले. कोपऱ्यातल्या बाकावर फुगून बसले, मशीनकडे ढुंकूनही बघेनात. तीन वाजता परीक्षा सुरू झाली. सासूबाई बांगडे धुवून ओल्या पायांनीच आल्या आणि स्टुलावर, पाय जमिनीला टेकवून, हात डब्यावर ठेवून पुतळ्यासारख्या बसल्या. पंधरा मिनिटं त्या एक शब्द बोलल्या नाहीत. माझी बोटं धावत होती, आणि मला वाटलं, जमतंय, देवा, जमतंय.

आणि किनाऱ्यावरून हाळी आली. रापण लागली होती.

रापणीचं जाळं किनाऱ्यावरून ओढायचं असतं. ओढायला प्रत्येक घरचं माणूस दोरीला लागतं आणि दोरीला हात लागला तरच घराला माशांचा वाटा. यतीन होडीवर होता, म्हणजे आमच्या घरचं माणूस सासूबाई. पण त्यांनी एवढा विचार केलाच नाही. पन्नास वर्षं ती हाळी ऐकली की पाय उठतात, तसे उठले. पदर खोचला आणि गेल्या. मी हात केला, पण हेडफोनच्या वायरीत अडकले.

घूंऽऽ.

डॉक्टर बोलतच होता. मी दोन शब्द सोडले, तिसरा सोडला. डोळ्यांत पाणी आलं, तीन वर्षांची चूल समोर दिसायला लागली. मेस्त्री बाकावरून उठून धावले आणि त्यांनी डब्यावर हात दाबून धरला. घूं तसंच. मी मान हलवली. त्यांनी दुसरा हातही ठेवला. मी पुन्हा मान हलवली, बोटं मात्र चालूच ठेवली, जेवढं कळत होतं तेवढं टाइप करत राहिले.

मेस्त्रींनी खाली बघितलं. स्टुलापाशी सारवणावर सासूबाईंच्या पावलांचे दोन ओले ठसे होते. मेस्त्री त्या ठशांकडे बघत राहिले, मग स्वतःच्या चपलांकडे. त्यांना कळलं. कळल्याबरोबर तोंडावरचा रंग उडाला, हेही मी बघितलं.

एक सांगते, त्या घडीला ते बाहेर पळाले असते तरी मी त्यांना दोष दिला नसता. पण त्यांनी देवाचं नाव घेतलं, उजवी चप्पल काढली. मग डावी काढली. थंड पाण्यात उतरावं तसे पाय ओल्या जमिनीवर टेकवले आणि डोळे घट्ट मिटून डब्यावर हात ठेवला.

शांत.

पुढची बावीस मिनिटं धोंडू मेस्त्री तसेच उभे होते. मधून मधून अंग शहारत होतं, ओठ हलत होते, कपाळावरून घाम गळत होता. हात हलला नाही. परीक्षा संपून मी हेडफोन काढला तरी ते डोळे उघडेनात.

"मेस्त्रीनू, झाला. सोडा."

"माका मुंग्यो येतत," ते बारीक आवाजात म्हणाले. "मी जितो आसंय मां?"

चपला घातल्यावर दहा मिनिटांत त्यांच्यातला मेस्त्री परत जागा झाला. मशीनमधली वीज तारेतून जमिनीत जायची ती माणसाच्या अंगातून गेली, म्हणजे घराची अर्थिंग गेली आहे, असं पुटपुटत ते परसात गेले. मी मागोमाग. मीटरपासून विहिरीकडे अर्थिंगची तांब्याची तार गेली होती. मेस्त्रींनीच आठ वर्षांपूर्वी ओढलेली. त्या तारेवर खारवलेले बांगडे ओळीने वाळत होते. मिठाने तार हिरवी पडून मधोमध तुटली होती, आणि तुटलेली दोन टोकं जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने, फुटभर अंतर ठेवून, सुरेख बांधलेली होती.

सासूबाई टोपलीत वाटा घेऊन परतल्या तेव्हा मेस्त्री ती गाठ हातात धरून उभे होते.

"वयनी, ह्या कोणी केल्यान?"

"मी. गेल्या वर्षी तुटलेली मां ती," सासूबाई म्हणाल्या. "बांगडे खाली पडत हुते. गाठ मारलंय. सुटली काय?"

मी आता मोठं रामायण होणार म्हणून थांबले. मेस्त्रींनी गाठ ओढून बघितली. सुटली नाही.

"गाठ बरी आसा," ते म्हणाले. मग जमिनीकडे बघत, "चूक माझी. आठ वर्सां झाली तार घातल्याक. एकदा येवन बगूक होया होता." चूक माझी हे दोन शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडलेले आमच्या गावात दुसऱ्या कोणी ऐकलेले नाहीत, सासूबाई साक्षीला आहेत. संध्याकाळपर्यंत त्यांनी नवी तार जमिनीखालून नळीतून नेली आणि सासूबाईंना बांगड्यांसाठी वेगळी दोरी बांधून दिली.

मंगळवारी निकाल आला. बरोब्बर अठ्ठ्याण्णव. मी पेढे घेऊन धावत मेस्त्रींच्या दुकानात गेले आणि पाया पडायला वाकले, तर ते दोन पावलं मागे सरले.

"थांब गो जरा."

टेबलावरचा उघडा रेडिओ त्यांनी बंद केला. प्लग काढला. प्लग निघालाय ना हे दोनदा बघितलं. मग चपला काढून बाजूला ठेवल्या. चपलांच्या पट्ट्यांखाली चाळीस वर्षं ऊन न लागलेले पांढरे फटक पट्टे त्या काळ्या पायांवर होते.

"आता पड," ते म्हणाले.