मोठं गेट गाडीसाठी

मढच्या बंगल्याच्या गेटला चिकटून एक दगडी घर आहे. उतरती कौलं, टोकदार खिडकी, वर धुराडं. शूटिंगवाले आले की हमखास सांगायचे, विलायतेत मोठ्या इस्टेटींच्या तोंडाशी अस्संच घर असतं, गेट राखणाऱ्याचं. बंगला बांधणारा शेठ म्हणे तिकडे बघून आला आणि आपल्यालाही तसंच पाहिजे म्हणून हटून बसला. असेल बाबा! त्या धुराड्याखाली शेकोटी कुणी पेटवली नाही. आईने तिथे गॅसची शेगडी मांडली होती. ती बांगडे तळायची आणि वरून कबुतरांची पिसं पडायची. शूटिंगच्या दिवशी आमची बादली, दोरीवरचे कपडे आणि आई, सगळं कॅमेऱ्याच्या मागे.

माझे बाबा ते गेट राखायचे. गिरणी बंद पडल्यावर गावी न जाता इथे आले, आणि मी त्याच घरात वाढले. त्यांचा एकच कायदा होता. मोठं लोखंडी गेट गाडीसाठी, चालत येणाऱ्याला बाजूचं छोटं दार. त्या दारातून वाकूनच जावं लागतं. मोठ्या गेटाची चावी बाबांच्या करगोट्याला बांधलेली असायची, अंघोळीलासुद्धा सोडत नसत.

माझ्या लग्नाच्या दिवशी मी शालू नेसून तिथे उभी होते. वऱ्हाडाची गाडी बाहेर रस्त्यावर. म्हटलं, "बाबा, आज तरी उघडा ना मोठं गेट!"

"गाडी आत येतेय काय? नाही ना? मग?"

छोट्या दारातून वाकताना माझ्या मुंडावळ्या कडीत अडकल्या. असली चीड आली होती म्हणून सांगू! तेव्हाच ठरवलं, एक दिवस ह्या माणसाला मोठ्या गेटातून बाहेर काढीन. मग बोरिवलीत संसार, नोकरी, मुलं. गाडी घेतली तेव्हा म्हटलं, चला, बसा, फिरवून आणते. तर म्हणाले, "मी बसलो तर गेट कोण उघडणार?"

गेल्या वर्षी एका सकाळी आईचा फोन आला. बाबा झोपेतच गेले. मी पोचले तेव्हा काकांनी आणि शेजारच्यांनी त्यांना अंघोळ घालून तिरडी बांधली होती. मला रडू येत नव्हतं. आतून काहीच येत नव्हतं. बायका पाठीवर हात फिरवत होत्या आणि मी शेगडीवरची पिसं बघत बसले होते.

तिरडी उचलली आणि सगळे सवयीने छोट्या दाराकडे वळले. तिरडी कुठली मावते त्यात? कुणी म्हणालं, जरा तिरकी करा. बाबांचं डोकं कलंडायला लागलं तशी मी ओरडले, "अरे थांबा! मोठं गेट उघडा! ते आज तिथूनच जातील."

"चावी?" कुणीतरी विचारलं.

काकांनी मान खाली घातली. अंघोळ घालताना त्यांनी ती पाहिली होती. जन्मभर अंगावर होती, राहू दे, म्हणून तशीच ठेवली होती.

मग आई पुढे आली. "तेंच्या कमरेक आसा," म्हणाली आणि कापडाच्या आत हात घातला. तिला शोधावं लागलं नाही. दोरा तोडला, गेटापाशी गेली आणि कुलूप उघडलं. गेटाच्या दोन्ही झडपा तिने एकटीने ओढल्या. मी काही मदत केली नाही.

बाबा सरळ, आडवे, मधोमध बाहेर पडले. मला वाटलं होतं, त्या क्षणी तरी काहीतरी होईल. काही झालं नाही.

बायका मागे थांबल्या. मी तिरडीमागून वळणापर्यंत गेले, सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्या दिसेपर्यंत. मग परत फिरले. मोठं गेट बंद होतं. कुलूप लागलेलं. गजांपलीकडे आई उभी होती, चावी तिच्या कमरेला, पदराखाली.

"आई, उघड."

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे, माझ्यासारखेच.

"चलत इलंस ना?" म्हणाली. "मग हयसून ये."

मी वाकले आणि छोट्या दारातून आत गेले.