अकीकाचे मणी मी आकाराने लावले

सातवीत शाळा सोडली. पुढे मदिनेत चार वर्षं तसबीच्या, म्हणजे जपमाळांच्या, दुकानात मणी निवडले आणि ओवले. लहान कुठला, मोठा कुठला, हे बोटांना न बघता कळायचं. दुकान बंद पडलं तेव्हा रियाधच्या एका कंत्राटदाराने प्रदर्शनाच्या काचपेट्या बसवायला मला घेतलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

त्या हिवाळ्यात युरोपातून एक प्रदर्शन आलं. हजारेक वर्षांपूर्वी तिकडे नदीकाठी स्लाव लोकांची खेडी होती. लाकडी घरं, मातीच्या चुली, आणि तरी बायकांच्या गळ्यात दूरदेशीचे मणी. तिथे सापडलेल्या चांदीच्या नाण्यांवर तर अरबी अक्षरं. आमचे साहेब नाशिकचे इंजिनिअर. ते म्हणाले, "इकडची चांदी तिकडे जायची रे, आणि तिकडची केसाळ कातडी इकडे."

मला हातमोजे, मण्यांचा एक ट्रे आणि एक इंग्रजी कागद मिळाला. "मखमलीवर मांड," एवढंच सांगून साहेब लाइट बघायला गेले. लाल अकीकाचे दगडी मणी, मधेमधे काचेचे. पण मोठ्याशेजारी बारका, गडदाला खेटून फिका. वाटलं, प्रवासात विस्कटले. कागद वाचता येईना, विचारायची लाज वाटली. अर्ध्या तासात सगळे दुकानातल्यासारखे आकाराने निवडून, रंगाने जुळवून लावले. वर खूशही झालो.

प्रदर्शनाबरोबर आलेल्या पिकल्या केसांच्या बाई पेटीपाशी आल्या आणि तोंडावर हात ठेवून उभ्याच राहिल्या. साहेब धावत आले. दोघं इंग्रजीत बोलले.

"काय रे बाबा, मदिनेचं दुकान इथे उघडलंस?"

"साहेब, विस्कटले होते म्हणून..."

"विस्कटले नव्हते. थडग्यात त्या बाईच्या गळ्यात ज्या क्रमाने सापडले, त्याच क्रमाने ठेवले होते. कागदावर तेच लिहिलंय."

पुढच्या महिन्यात माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपत होता. कफिलाने, म्हणजे ज्याच्या नावावर मी इथे होतो त्या कंत्राटदाराने, तो वाढवला नाही तर खलास, थेट रत्नागिरी. घरी बायको नुकतीच बाळंत झालेली. तिला काय सांगणार होतो?

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि बॅगेतून एक मोठा फोटो काढला. तोच ट्रे, प्रत्येक मण्याखाली आकडा.

"एकही फुटला नाही ना, मग घाबरू नको म्हणतायत," साहेब म्हणाले.

आकडे मला येतात. एकाचा टवका उडालेला, एकाचं भोक तिरकं, असं बघत एकेक मणी जागेवर नेला. बाई शेजारी खुर्ची घेऊन बसल्या. दोनदाच त्यांनी नाही म्हणून मान हलवली. शेवटचा मणी बसला तशा हसून काहीतरी बोलल्या.

"अकीक बहुतेक गुजरातकडचा आहे म्हणे," साहेब म्हणाले. "अरब व्यापाऱ्यांच्या हातून इतका लांब गेला. म्हणजे तुझ्यासारखाच, व्हाया गल्फ!"

मला हसू येईना. "साहेब, माझं काय?"

"तुझं काय? वाचता येत नाही हे आधी बोलायचं, एवढंच. उद्या नाणी मांडायची आहेत, बाई तुलाच मागतायत."

"आणि इकामा?"

"कफिलाने कालच वाढवलाय. यल्ला, चल, जेवून घे."

त्या दुपारी मेसमधली पातळ डाळ मी तीनदा वाढून घेतली.