शिवकन्याक्कांची वानगी

मी स्वभावानं तिरसट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा तिथल्या मुलांच्या एका वसतिगृहात मी स्टोअरकीपर होतो. पुरवठादार पाठीमागं मला खडूस म्हणायचे. म्हणेनात का. मी स्वतः कंधार तालुक्यातला, वसतिगृहातच राहून शिकलेला. तिथल्या डाळीतल्या खड्यानं बाराव्या वर्षी माझी दाढ गेली. ज्याची दाढ गेली त्याला पुरवठादाराचा कळवळा कुठून यावा?

आणि तरी नोकरीतलं एकच माणूस आठवलं की माझा आवाज खाली येतो, आणि ती एका पुरवठादाराचीच बायको. उदगीरची शिवकन्या. मोंढ्यातला सगळा धान्यबाजार तिला अक्का म्हणायचा, मीही म्हणायला लागलो.

अक्का बीदरकडच्या. माहेरी कानडी, सासरी मराठी, आणि रागावल्या की दोन्ही. नवरा गुरुबसप्पा, गरीब माणूस. उदगीरला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची डाळीची छोटी गिरणी होती, मागं दोन खोल्या. अक्कांना एकच नाद, निवडण्याचा. समोर धान्य आलं की हात आपोआप चालायचा. शेजारीण गप्पा मारायला बसली तर तिच्या सुपातले तांदूळ ह्याच निवडून द्यायच्या. कुणाच्या घरी सांत्वनाला गेल्या तरी एका हातानं डोळ्याला पदर आणि दुसऱ्या हातानं समोरचे हरभरे. गुरुबसप्पा म्हणायचे, "हिला कैलासात नेलं तरी ही तिथलं भस्म चाळून घेईल." अक्का म्हणायच्या, "मग काय, तसंच लावू?"

तर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती आणि पाऊस लागोपाठ दुसऱ्यांदा हुकला होता. आमच्या खात्याच्या खुर्च्या अजून उस्मानाबादहून यायच्या होत्या, नियम मात्र सगळे आले होते. वसतिगृहासाठी तूरडाळीची निविदा निघाली, पाच पोत्यांची. दराबरोबर एक किलो डाळ नमुना म्हणून द्यायची. ज्याची निविदा मंजूर त्याचा नमुना लाखेनं सीलबंद व्हायचा, आणि पुढं येणारा माल त्या नमुन्यासारखाच पाहिजे. नसला तर माल परत आणि पुरवठादाराचं नाव काळ्या यादीत. काळी यादी म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात त्याच्याकडनं कुणी सरकारी माल घ्यायचा नाही.

आता अडतीवरची रीत सगळ्यांना माहीत आहे. तिथं नमुन्याला वानगी म्हणतात. पोत्यात हात घालायचा, मूठभर माल काढायचा, व्यापाऱ्याच्या तळहातावर टाकायचा. जसं पोतं तशी वानगी. वानगी निवडून कुणी आणत नाही, आणली तर लबाड म्हणतात. पण अक्का कधी अडतीवर गेलेल्या नव्हत्या. गुरुबसप्पांनी घरात एवढंच सांगितलं, "एक किलो डाळ बांध, लातूरला साहेबाकडं द्यायची हाय." झालं. साहेबाच्या घरी डाळ जाणार, मग ती न निवडता कशी द्यायची? बाई दोन दुपारी सूप घेऊन बसली.

ती पिशवी मी उघडली आणि बघतच राहिलो. एकेक दाणा अख्खा, एका मापाचा, हळदीसारखा पिवळा. टरफल नाही, चुरा नाही, खडा तर औषधाला नाही. अशी डाळ गिरणीतून निघत नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण मला वसतिगृहातली माझी पोरं दिसली जेवायला बसलेली. निविदा मंजूर झाली त्याच दिवशी मी पिशवीला सील ठोकलं.

ऑर्डरचा कागद मिळाला तसे गुरुबसप्पा पहिल्या एसटीनं लातूरला आले. हातात दुसरी पिशवी.

"साहेब, ती वानगी न्हाई हो. आमच्या बाईनं हातानं निवडलेली डाळ हाय ती. ही घ्या खरी वानगी, तेवढी बदलून टाका."

"नमुना सीलबंद झाला."

"सील काय, तुमच्याच हातचं हाय की."

मी भडकलो. म्हणालो, दाखवायची एक आणि घालायची दुसरी, हा धंदा लहानपणापासून बघत आलोय मी. वसतिगृहातली पोरं म्हणजे काय गुरं वाटली? बिचाऱ्याला मी वाट्टेल ते बोललो. ते पिशवी उचलून परत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्काच आल्या. नऊवारी, कपाळावर भस्म, पायात धुळीनं भरलेल्या चपला. माझ्याकडं बघितलंही नाही. व्हरांड्यात पोरं ताटं घेऊन रांगेत उभी होती, तिकडंच बघत राहिल्या.

"किती लेकरं हायत?"

"एकशे दहा."

"मला वाटलं साहेबाच्या घरचं चार माणसांचं खाणं हाय." मग पायरीवर टेकल्या. म्हणाल्या, "चूक माझीच. ह्यांना बोलू नका. पण साहेबाला निवडून द्यायची आन् लेकरांना तशीच, हे माझ्या तोंडातून निघणार न्हाई. राहू द्या तुमची पिशवी. येईल डाळ तशीच."

गुरुबसप्पांनी कपाळाला हात लावला म्हणतात.

त्या साली तूर कशी होती सांगतो. दुष्काळाची तूर, पोचट, अर्धीअधिक सालाला चिकटलेली. तसली पाच पोती हातानं निवडायची. अक्कांनी गल्लीतल्या धुरपताबाई आणि कोंडाबाईंना हाताशी घेतलं. दिवाळी गेली, ह्यांची सुपं हालतच होती. मी एकदा उदगीरला गेलो, कागदावर तपासणीला म्हणून. खरं म्हणजे बाहेरून माल आणतात की काय ते बघायला. म्हटलं ना, तिरसट माणूस. ओट्यावर बसलो तर अक्कांनी माझ्यापुढं सूप सरकवलं. "बसलाच हाव तर निवडा." सरकारी माणूस मी, पण निवडायला लागलो. तासाभरानं त्यांनी माझं सूप ओढून घेतलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून निवडलं. कोंडाबाई पदराआड हसत होत्या. अक्कांच्या बोटांची टोकं सोलून लाल झाली होती, ते मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

माल आला त्या दिवशी तपासणी समिती बसली. वरचे एक साहेब, आमचे गृहपाल आणि मी. पाच पोती रांगेत उभी. गुरुबसप्पा पोत्यांजवळ, अक्का दारात. मी कपाटातून पिशवी काढली, सगळ्यांसमोर सील फोडलं आणि नमुना टेबलावर ओतला.

भुंगे निघाले. हिरव्या कापडावर चहूकडं पळायला लागले. डाळीला भोकं, खाली पीठ.

साहेब म्हणाले, "आता माल कशाशी ताडून बघायचा? नमुना खराब का झाला ते कुणीतरी लिहून द्यायला पाहिजे. उद्या ऑडिट विचारेल."

गृहपाल हळूच म्हणाले, "सोपं आहे साहेब. नमुनाच किडका आला होता असं लिहू. माल परत, विषय संपला."

विषय संपला, म्हणजे गुरुबसप्पा संपले. किडका नमुना देणारा म्हणून त्यांचं नाव काळ्या यादीत जाणार, आणि उदगीरच्या अडतीवर ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळणार. छोट्या गिरणीवाल्याकडं नावाशिवाय असतं काय? गुरुबसप्पांचा चेहरा पोत्याच्या रंगाचा झाला.

अक्का टेबलाजवळ आल्या. डाळ हातानं पसरली, काहीतरी शोधलं. मग माझ्याकडं बघितलं. त्या काय शोधत होत्या ते मला तेव्हा उमगलं. त्यांनी डाळीत कडुलिंबाची वाळकी पानं घालून दिली होती, कीड लागू नये म्हणून. घरोघरी घालतात. आणि मी, नियमाचा पुतळा, नमुन्यात दुसरी वस्तू नको म्हणून ती पानं वेचून खिडकीबाहेर टाकली होती. शिवाय पिशवी ठेवली ती कपाटाच्या खालच्या फळीत, जिथं भिंतीला ओल होती.

अक्कांना सगळं कळलं होतं. बोलल्या मात्र नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो. भांडायला मी कुणाला ऐकत नाही. पण ती बाई नुसती उभी राहिली, आणि मला माझीच लाज वाटली.

मी रजिस्टर ओढलं. लिहिलं, "नमुना घेताना उत्तम होता. स्टोअरकीपरच्या हलगर्जीपणामुळे खराब झाला. पुरवठादाराचा दोष नाही."

साहेबांनी वाचलं. "सोनकांबळे, मेमो निघेल. बढतीची फाईल आहे ना तुमची वर?"

"हाय. राहू द्या वरच."

ते उठले, पोत्याजवळ गेले, ओंजळभर डाळ काढून उजेडात नेली. बराच वेळ बघत राहिले. मग परत येऊन माल मंजूर म्हणून सही केली. गुरुबसप्पा पोत्यावरच बसले. मेमो चार दिवसांत निघाला आणि माझी बढती तीन वर्षं मागं पडली. गेली ती गेली.

साहेब गेल्यावर मी ती किडकी डाळ कचऱ्यात टाकायला निघालो. अक्कांनी माझा हात धरला.

"टाकायची न्हाई. दुष्काळ हाय."

त्यांनी ती अंगणात उन्हात पसरली, चाळली, निवडली, चार पाण्यानं धुतली आणि आचाऱ्याकडनं चुलीचा एक कोपरा मागून घेतला. "लेकरांना पोत्यातली. ही आपण खायची. ज्याला सांभाळता आली न्हाई त्यानं पहिला घास घ्यायचा."

माझं आडनाव त्यांनी नुकतंच ऐकलं होतं, आणि त्या काळात, त्या भागात, आडनाव ऐकलं की माणसं आपापली ताटं सांभाळून बसत. अक्कांनी मला वाढलं, नवऱ्याला वाढलं, त्याच भांड्यातलं स्वतःला घेतलं आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसल्या. "चावून बघा की," म्हणाल्या, "खडा लागला तर सांगा."

मी पहिला घास घेतला. खडा नव्हता.

संध्याकाळी रजिस्टरात नमुन्याचं काय केलं ते लिहायचं राहिलं होतं. मी लिहिलं, "नियमाप्रमाणे नष्ट केला." एकतीस वर्षांच्या नोकरीत खोटं लिहिलं ते तेवढंच.